ताकदीची गोळी : मुंबईच्या प्रयोगशाळेपासून पारोळ्याच्या दुकानापर्यंत

चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीने जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का? पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न सहसा डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. तो औषधाच्या दुकानातच सुटतो. पायांत गोळे येतात, जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते, असे सांगितले की दुकानदार 'ताकदीची' गोळी किंवा टॉनिकची बाटली पुढे करतो. ती घेतली जाते, महिनाभर चालते आणि संपते. धाप कमी झाली की नाही याची नोंद कोणी ठेवत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून कापूस वेचायला जाणारी बाई असो, शाळेतील शिक्षिका असो की दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी गृहिणी असो, चित्र फारसे बदलत नाही.

या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. पण ते कसे शोधावे हे मात्र इतिहासातून चांगले शिकता येते. त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच राज्यात, मुंबईच्या परळ भागात घडले आहे. म्हणून आपण आधी तिकडे जाऊ.

परळमधील शोध

इ.स. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. त्यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकून त्या पुढे वैद्यकाकडे वळल्या होत्या. त्या काळी भारतात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी होती आणि त्याची कारणे शोधण्यासाठी पाहणी सुरू झाली होती. गरोदरपणात होणारा तीव्र रक्तक्षय हे त्यातील एक ठळक कारण होते. विल्स यांचे काम मुख्यतः हाफकिन संस्थेत चाले. त्यांच्या रुग्णांत मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रिया होत्या.

हा रक्तक्षय नेहमीचा नव्हता. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या पेशी. अशाच मोठ्या पेशी 'पर्निशस ॲनिमिया' नावाच्या एका जीवघेण्या आजारातही दिसत. अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले होते, की भरपूर यकृत खायला घातले तर त्या आजाराचे रोगी सुधारतात. मग मुंबईच्या या स्त्रियांचा आजारही तोच असेल का?

विल्स यांनी आधी जंतू शोधले. पण जंतूंनी उत्तर दिले नाही. मग त्यांनी स्त्रिया काय खातात याकडे लक्ष वळवले. वेगवेगळ्या थरांतील स्त्रियांच्या ताटाची त्यांनी तपशीलवार नोंद केली. तेव्हा असे दिसले की गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत अपुरा होता आणि त्यांच्यातच हा आजार सर्वाधिक होता. हा आहार उंदरांना दिला, तर उंदरांनाही रक्तक्षय झाला. आहारात यीस्ट मिसळले, तर तो टळला. पुढे लक्षात आले की उंदरांच्या अंगावरील उवांमुळे त्यांना एक वेगळाच संसर्ग झाला होता आणि त्यामुळे निष्कर्ष गढूळ झाले होते. मग हाच प्रयोग माकडांवर करण्यात आला.

अखेर 'मार्माइट' कामी आले. बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून बनवलेला हा काळपट, खारट अर्क. इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात आणि तो स्वस्त मिळतो. हा अर्क देताच रुग्ण स्त्रियांच्या रक्तात काही दिवसांतच नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे आणखी एक बारीक पण मोलाचे निरीक्षण समोर आले. पर्निशस ॲनिमिया बरा करणारा यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना लागू पडत नव्हता, कच्चा अर्क मात्र लागू पडत होता. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे हे आजार वेगळे होते आणि उणीव असलेले पदार्थही वेगळे होते. यीस्टमधील त्या अज्ञात पदार्थाला बराच काळ 'विल्स घटक' असेच म्हटले जाई.

पालकाचे पान आणि एक धडा

१९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे चार टन पालकापासून एक पदार्थ अगदी अल्प प्रमाणात वेगळा केला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, त्यावरून त्याचे नाव 'फॉलिक आम्ल' पडले. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत हे आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. विल्स घटक तो हाच.

पेशी का फुगत होत्या, याचाही उलगडा झाला. नवी पेशी तयार होण्याआधी जुन्या पेशीतील डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ते नसेल तर पेशी वाढत राहते, पण तिचे वेळेवर विभाजन होत नाही. परिणामी थोड्याच, मोठ्या आणि दुबळ्या पेशी रक्तात उतरतात. गरोदरपणात गर्भाच्या वाढीसाठी या आम्लाची गरज वाढते, म्हणून आजारही तेव्हाच उफाळून येई.

इथवर ही यशाची गोष्ट आहे. पुढचा भाग मात्र शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा असा आहे. फॉलिक आम्लाची गोळी हाती येताच डॉक्टरांनी ती पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यांनाही दिली. त्यांचे रक्त सुधारले. चेहऱ्यावर लाली आली. पण काही महिन्यांत कित्येकांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तोल जाऊ लागला, मज्जातंतू निकामी होऊ लागले. कारण त्यांच्यातील खरी उणीव दुसऱ्याच पदार्थाची होती. तो पदार्थ, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये अमेरिका व इंग्लंड या दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे लाल स्फटिकांच्या रूपात हाती आला. फॉलिक आम्लाने रक्तातील खूण पुसली होती आणि आजार आत चालूच राहिला होता. धोक्याची घंटा बंद केली म्हणून आग विझत नाही, तसाच हा प्रकार.

या एका प्रकरणातून तीन गोष्टी निघतात. ज्या पदार्थाची उणीव आहे तो दिला की गोळी चमत्कारासारखी काम करते. उणीव दुसऱ्याची असेल तर तीच गोळी फसवते. आणि कोणती उणीव आहे हे चेहऱ्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी ताट आणि रक्त दोन्ही तपासावे लागतात.

उणीव नसताना घेतली तर?

पुढच्या काळात जीवनसत्त्वे कारखान्यांत स्वस्तात तयार होऊ लागली आणि एक नवा विचार मूळ धरू लागला. थोडे घेऊन आजार बरा होत असेल, तर जास्त घेऊन आरोग्य अधिक चांगले का होऊ नये? ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. पण विज्ञानात तर्काला प्रयोगाची कसोटी लागते.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर असा प्रयोग झाला. गाजरात असणारे बीटा कॅरोटीन गोळीतून दिले तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच एका प्रयोगातही हानी दिसू लागली, म्हणून तो १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला.

मध्यमवयीन व वयस्क स्त्रियांपुरते बोलायचे तर सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० एकक ड जीवनसत्त्व देण्यात आले, तर निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. सरासरी सात वर्षांनंतर, २००६ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाडांची घनता किंचित सुधारली होती, पण खुब्याच्या हाडाचे मोडणे निश्चितपणे कमी झाले असे म्हणता येत नव्हते. मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले होते. बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्यांबाबत १,६१,८०८ स्त्रियांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २००९ मध्ये आला. कर्करोग, हृदयविकार किंवा मृत्यू यांपैकी कशातही त्या गोळ्यांमुळे फरक पडलेला दिसला नाही. साठीच्या पुढील लोकांत अशा गोळीने स्मरणशक्तीला थोडा लाभ होतो, असे २०२२ नंतरच्या काही प्रयोगांत दिसले आहे, हेही इथे नोंदवले पाहिजे. पण तो लाभ लहान आहे.

मग काय, गोळ्या व्यर्थ आहेत असे समजायचे? इथे घाई करून चालणार नाही. त्या अमेरिकन स्त्रियांपैकी बहुतेकींच्या ताटात दूध, फळे, अंडी होती. प्रयोग सुरू होण्यापूर्वीच त्यांना पुरेसे कॅल्शियम मिळत होते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतले तर ते बाहेर सांडते. पण म्हणून रिकाम्या हंड्यालाही पाणी नको, असे म्हणता येईल काय?

आपला हंडा किती भरलेला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे दर दोघींत एक, किंबहुना थोडे अधिकच.

ब-१२ ची कथा पुण्याकडे जाते. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातील निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते. २००८ मध्ये त्यांनी आणखी एक निष्कर्ष मांडला. ज्या मातांच्या रक्तात फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. १९४० च्या दशकातील तो जुना धडा इथे नव्या रूपात पुढे आला. दोन जीवनसत्त्वांपैकी एकच वाढवले तर तोल बिघडू शकतो.

आता खानदेशातील ताट पाहू. ज्वारी-बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा, हंगामात मेथी-अंबाडी, शेंगदाणे. हे ताट निकृष्ट मुळीच नाही. कळण्याच्या भाकरीत धान्य आणि कडधान्य एकत्र येत असल्यामुळे प्रथिनांची प्रत सुधारते. डाळी आणि पालेभाज्यांतून फॉलिक आम्ल मिळते, मात्र भाजी फार वेळ शिजवली तर ते बरेचसे नष्ट होते. उणीव आहे ती दुसरीकडे. ब-१२ वनस्पतीत तयार होत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून येते. शाकाहारी घरात दूध हाच त्याचा मुख्य मार्ग उरतो, आणि घरातले दूध कोणाच्या वाट्याला येते हे आपण जाणतोच. आधी मुले, मग पुरुष, आणि राहिलेच तर बाईच्या चहात चमचाभर.

लोहाचेही तसेच आहे. धान्य-भाज्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू किंवा आवळा असेल तर ते अधिक शोषले जाते, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. आणि उन्हाच्या या प्रदेशात ड जीवनसत्त्वाची ददात कशी, असे कोणालाही वाटेल. पण दिवसभर घरात, दुकानात किंवा वर्गात असणाऱ्या आणि बाहेर पडताना अंग व डोके झाकून घेणाऱ्या स्त्रीच्या त्वचेला ऊन लागते किती?

पन्नाशीनंतर काय बदलते?

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते. त्याआधीची काही वर्षे ती अनियमित होते आणि कित्येकींना रक्तस्राव फार होतो. या काळात लोहाची उणीव वाढते. पाळी थांबली की तो व्यय थांबतो व लोहाची गरज उतरते. याउलट इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे हाडांतील कॅल्शियम वेगाने घटू लागते. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पाळी चालू असलेल्या स्त्रीसाठी रोजचे लोह २९ मिलिग्रॅम धरले आहे, आणि कॅल्शियम प्रौढ स्त्रीसाठी १,००० मिलिग्रॅम असले तरी पाळी थांबलेल्या स्त्रीसाठी १,२०० आहे. एकाच बाईची गरज पाच-सात वर्षांत अशी बदलते. मग सर्वांना सर्व काळ चालेल अशी एकच 'ताकदीची' गोळी असणार कशी?

इथे एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. चाळिशीतील बाईला अतिरिक्त रक्तस्रावामुळे रक्तक्षय झाला असेल, तर त्यामागे गर्भाशयातील गाठ किंवा अन्य आजार असू शकतो. पाळी थांबून वर्ष-दोन वर्षे झाल्यावर रक्त कमी आढळले, तर ते कुठून जात आहे हे शोधलेच पाहिजे. आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव हे त्याचे कारण असू शकते. अशा वेळी केवळ टॉनिक घेत राहिले, तर हिमोग्लोबिन थोडे वर येते, बरे वाटते आणि मूळ आजाराला आणखी सहा महिने मिळतात. फॉलिक आम्लाने पर्निशस ॲनिमियाची खूण पुसली होती, त्याचीच ही घरगुती आवृत्ती आहे.

मोजलेच जात नाही, त्याचे काय?

वर दिलेला ५४.२ टक्के हा आकडा पुन्हा पाहा. तो १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा आहे. पन्नाशीच्या बाईचे रक्त त्या मोजणीत नाहीच. देशात १९७० पासून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम आहे. २०१८ मध्ये 'ॲनिमिया मुक्त भारत' सुरू झाले आणि त्यात बालके, किशोरवयीन मुले-मुली, गरोदर व स्तनदा माता आणि प्रजननक्षम वयातील स्त्रिया असे गट ठरले. ते वय संपले की बाई यादीतून बाहेर जाते. विल्स यांना मुंबईत आणणारी पाहणीही मातांविषयीच होती. बाळंतपणात स्त्रिया मरत होत्या, म्हणून ते योग्यच होते. पण तेव्हापासून आजवर स्त्रीच्या पोषणाचा विचार बहुतांशी आई म्हणून झाला. मूल होण्याचे वय उलटल्यावर तिच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न मागे पडला. शासनाची यादी जिथे संपते तिथे दुकानदाराची बाटली सुरू होते.

म्हणून ग्राहक म्हणूनही जागे राहावे लागते. कमला सोहोनी यांचे उदाहरण इथे घेण्यासारखे आहे. केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवणाऱ्या या जीवरसायनशास्त्रज्ञ महिलेने कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेतील पोषकद्रव्यांचा अभ्यास केला. नीरा, कडधान्ये, धान्याचे पीठ यांसारखे गरिबाला परवडणारे अन्न हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. नंतर त्या ग्राहक चळवळीतही उतरल्या. स्वस्त अन्नात काय आहे आणि विकत घेतलेल्या मालात काय आहे, हे दोन्ही तपासून पाहावे, ही त्यांची दृष्टी आजही उपयोगी आहे.

मग करावे काय?

पहिली पायरी तपासणीची. ग्रामीण रुग्णालयात रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. अहवालात 'एमसीव्ही' असा एक आकडा असतो. तो तांबड्या पेशीचा सरासरी आकार सांगतो. तो कमी असेल तर लोहाकडे, जास्त असेल तर ब-१२ किंवा फॉलिक आम्लाकडे बोट जाते. दोन्ही उणिवा एकत्र असतील तर सरासरी सामान्यही दिसू शकते, म्हणून अर्थ लावणे डॉक्टरांवर सोपवावे. ल्यूसी विल्स सूक्ष्मदर्शकातून जे पाहत होत्या, तेच आता यंत्र मोजते.

दुसरी पायरी उणिवेनुसार गोळी. पूर्ण शाकाहारी आणि दूधही कमी घेणारी स्त्री, मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारी स्त्री, पित्तावरच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारी स्त्री, यांनी ब-१२ विषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. त्यांच्यासाठी ही गोळी चैन नाही. लोहाची गोळी सिद्ध झालेल्या उणिवेसाठी आणि ठरावीक काळ घ्यावी. कॅल्शियम आधी दूध, दही, तीळ, पालेभाज्या यांतून घ्यावे आणि कमी पडेल तेवढेच गोळीतून. अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात, त्यामुळे ती मनाने वाढवू नयेत.

तिसरी पायरी ताटाची, आणि ती शाळेतून सुरू होऊ शकते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी घरातील प्रत्येकाने काल काय खाल्ले याची नोंद करावी. आई व आजी केव्हा जेवल्या, दूध, अंडे, फळ कोणाच्या वाट्याला किती आले, जेवणानंतर चहा किती वेळाने झाला, हे लिहावे. नावे न घेता सर्व नोंदी एकत्र करून वर्गात तक्ता करावा. सोबत घरातील टॉनिकच्या बाटलीवरील मजकूर उतरवून आणावा आणि तीत कोणते द्रव्य किती आहे, ते रोजच्या गरजेच्या किती पट आहे, याचे गणित करावे. या कामाला पैसा लागत नाही. परळमध्ये १९२८ नंतर झालेल्या संशोधनातही स्त्रियांच्या ताटाची अशीच नोंद केली गेली होती.

त्या तक्त्यात पन्नाशीच्या आजीचा रकाना रिकामा ठेवू नये, एवढे मात्र शिक्षकांनी पाहावे.